चमचाभर शिधा

हॅम्स्टरचं खाद्य म्हणून दुकानातून आणलेलं पाकीट एकदा स्टीलच्या ताटात ओता आणि तांदूळ निवडतो तसं निवडायला बसा. पट्ट्यापट्ट्यांच्या सूर्यफुलाच्या बिया एका बाजूला, शेंगदाणे दुसऱ्या, मक्याचे दाणे तिसऱ्या आणि लाल-हिरवे-पिवळे कुरकुरीत तुकडे चौथ्या बाजूला सारा. बारीक धान्य ताटाच्या मध्यभागी राहू द्या. मी हे बऱ्याच पाकिटांचं केलं आहे. स्वस्तातल्या पाकिटांत मधला ढीग बहुतेक वेळा सगळ्यात लहान निघतो. ड्वार्फ हॅम्स्टरचं पोट ज्यावर चालायला हवं, तो ढीग तोच.

हे ताट पिंजऱ्यात ठेवलं तर तो प्राणी काय करेल, हेही सांगता येतं. तो आधी सूर्यफुलाच्या बिया उचलेल, मग शेंगदाणे, आणि बारीक धान्य तसंच टाकून देईल. बघणाऱ्याला वाटतं, याला काय हवं ते याला बरोबर कळतं. तसं नाही. त्याची आवड दुष्काळी मुलखात घडलेली आहे आणि आता तो सुकाळात राहतो आहे. म्हणून त्याच्या जेवणाचा विचार त्याच्या आवडीपासून सुरू न करता त्याच्या गावापासून सुरू करायचा.

आपल्याकडे ‘ड्वार्फ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हॅम्स्टरांच्या तीन जाती प्रामुख्यानं दिसतात. पाठीवर बारीक काळी रेघ असलेला कॅम्पबेलचा हॅम्स्टर, थंडीत पांढरा होणारा विंटर व्हाइट आणि भुवयांवर पांढरे ठिपके असलेला, तिघांत सगळ्यात चिमुकला रोबोरोव्स्की. पहिल्या दोन जातींचा प्रौढ प्राणी साधारण ३० ते ५० ग्रॅमचा असतो, रोबोरोव्स्की २० ते २५ ग्रॅमचा. विंटर व्हाइटची शास्त्रीय नोंद १७७३ साली पीटर सायमन पलास या जर्मन निसर्गतज्ज्ञानं केली. कॅम्पबेलचा हॅम्स्टर मंगोलियात १९०२ साली मिळाला आणि १९०५ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. रोबोरोव्स्कीला मध्य आशिया धुंडाळणाऱ्या एका रशियन प्रवाशाचं नाव मिळालं, १९०३ मध्ये. दुकानात ‘विंटर व्हाइट’ म्हणून मिळणारा प्राणी पुष्कळदा कॅम्पबेलशी संकर झालेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे साखरेच्या संदर्भात याचं काम पडेल.

कझाकस्तान, दक्षिण सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन हा यांचा मुलूख. खुरटं गवत, वाळू, तुरळक झुडपं, आणि हिवाळ्यात उणे चाळीसपर्यंत उतरणारा पारा. इथे रसाळ फळ असं काही नाहीच. आहेत ती गवताची बारीक बियाणं, वाळलेली पानं-काड्या, आणि थोड्या दिवसांच्या उन्हाळ्यात मिळतील तितके भुंगेरे, नाकतोडे, अळ्या. एका रात्रीत हा एवढासा जीव बरंच अंतर धावतो, दाणा-दाणा टिपतो आणि बिळात आणून टाकतो. तेलबी हाताला लागली तर ती त्याच्यासाठी दिवाळी असते, कारण ती रोज लागत नाही. आपण ती वाटीभर देतो, आणि रोज देतो.

हॅम्स्टरविषयीचे बरेचसे सल्ले मुळात सीरियन हॅम्स्टरवरून आलेले आहेत. तो मोठा, सोनेरी, शंभर-दीडशे ग्रॅमचा. १९३० मध्ये अलेप्पोजवळ इस्रायल अहारोनी यांनी एक मादी आणि तिची पिल्लं पकडली, आणि प्रयोगशाळांत व घरांत पसरलेला सोनेरी हॅम्स्टरांचा गोतावळा मुख्यतः त्याच पिल्लांचा. त्याला सफरचंदाची बारीक फोड अधूनमधून चालून जाते. ड्वार्फ हा वेगळ्या जातीचा, वेगळ्या मुलखातला आणि एक-तृतीयांश वजनाचा प्राणी आहे. पुस्तकात ‘हॅम्स्टरला फळं द्यावीत’ असं वाचलंत तर कोणत्या हॅम्स्टरला, हा प्रश्न आधी विचारा.

आता त्याचं शरीर बघू. माकड फुटाणे गालात कोंबतं तसं हॅम्स्टर दाणे कोंबतो, पण त्याच्या गालातल्या पिशव्या गालापाशी संपत नाहीत, त्या खांद्यांच्या मागेपर्यंत जातात. भरल्या की डोकं शरीराइतकंच रुंद दिसतं. या पिशव्या खाण्यासाठी नसून ओझं वाहण्यासाठी आहेत. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला याच प्राण्याच्या नावावरून क्रियापद तयार झालं आहे. पिशवीत कोरडा दाणा जातो आणि पुढच्या पायांनी ढकलला की बाहेर येतो. चिकट पदार्थ तिथे अडकतो. गुळाची चिक्की, पीनट बटर, भिजवून लगदा झालेले पोहे, मधात घोळवलेल्या ‘ट्रीट’च्या कांड्या हे सगळं आतल्या नाजूक त्वचेला चिकटून राहतं, कुजतं आणि सूज आणतं. टोकदार तुसाचा भात किंवा कुसळाचा जवही आत टोचू शकतो. धान्य देताना कुसळ गेलेलं आहे का, हे बोटानं चाचपून बघावं.

पोटही साधं नाही. जठराचे दोन कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात जीवाणूंच्या मदतीनं अन्न थोडं आंबतं, दुसऱ्यात खऱ्या पाचकरसांचं काम चालतं. या जीवाणूंची घडी अचानक बदललेल्या खाण्यानं विस्कटते. आज एक, उद्या दुसरं, परवा भरपूर काकडी असं केलं की जुलाब लागतात, आणि चाळीस ग्रॅमच्या शरीरातून पाणी जाऊ लागलं तर हाताशी दिवस नसतात, तास असतात. म्हणून खाद्य बदलायचं झालं तर दहा-पंधरा दिवस लावा. जुन्यात नवं थोडं मिसळा, मग थोडं वाढवा.

हॅम्स्टर स्वतःच्या काही लेंड्या पुन्हा खातो. नव्यानं पाळणाऱ्याला किळस येते आणि प्राणी उपाशी आहे की काय अशी शंकाही येते. दोन्हींचं कारण नाही. आतड्यातल्या जीवाणूंनी तयार केलेली ब आणि के जीवनसत्त्वं तो त्या वाटेनं मिळवतो, हे त्याच्या आहाराचंच अंग आहे. क जीवनसत्त्व तर त्याचं शरीर स्वतःच तयार करतं. गिनीपिगला ते बाहेरून लागतं, हॅम्स्टरला लागत नाही. त्यामुळे संत्र्या-मोसंबीची फोड देण्याला काही आधार उरत नाही, आणि आंबट रसानं त्रास होतो तो वेगळाच. समोरचे पिवळसर दात जन्मभर वाढत राहतात, त्यांना झिजायला काहीतरी कडक लागतं. लाकडाचा स्वच्छ तुकडा, कडक गोळी-खाद्य, टरफलासकटचे दाणे एवढ्यावर ते काम भागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानं १९३२ मध्ये दाखवून दिलं, की प्राणी वजनानं जितके पट लहान तितके पट त्याची भूक कमी होत नाही. लहान शरीराची ऊब झरझर निघून जाते, म्हणून त्याची चूल जास्त जोरानं पेटती ठेवावी लागते. क्लायबरच्या सूत्रात चाळीस ग्रॅमचा हॅम्स्टर घातला तर नुसतं पडून राहण्यासाठी त्याला दिवसाला साधारण सहा कॅलरी लागतात. धावपळ धरून दहा-बारा. आता एक ग्लुकोज बिस्किट घ्या, साधारण पाच ग्रॅमचं. त्याचा चतकोर तुकडा, जो मुलं सहज पिंजऱ्याच्या जाळीतून आत सारतात, तो पाच-साडेपाच कॅलरींचा होतो. साठ किलोच्या माणसाच्या मापात हा तुकडा बसवला तर जवळपास साठ बिस्किटं होतात, एका बैठकीत. सूर्यफुलाच्या दहा सोललेल्या बिया म्हणजे तीन कॅलरींच्या आसपास, दिवसभराच्या एकूण गरजेचा चौथा हिस्सा. घरातल्या चार माणसांनी दिवसभरात प्रत्येकी ‘एवढीशी’ दहा-दहा बी दिली, तर त्याचा दिवसाचा शिधा तिथेच संपला, आणि त्यातली निम्मी निव्वळ चरबी.

हे गणित घरातल्या मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन करायला लावावं असं मला मनापासून वाटतं. ‘देऊ नकोस’ या शब्दाचा परिणाम दोन दिवस टिकतो, साठ बिस्किटांचा ढीग मुलांच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

साखरेचा प्रश्न ड्वार्फच्या बाबतीत आणखी गंभीर आहे. कॅम्पबेलच्या हॅम्स्टरमध्ये मधुमेह अनुवंशानं उतरतो. विंटर व्हाइट म्हणून आणलेला प्राणी संकरित असेल तर त्याच्याही रक्तात तो असू शकतो. रोबोरोव्स्कीत हे प्रमाण कमी दिसतं, पण तेवढ्यावर त्याला द्राक्ष द्यावं असं होत नाही. मधुमेह ज्याच्या नशिबी आहे त्याला तो फळं न देऊनही होऊ शकतो. पण साखर टाळल्यानं तो लांबतो, आणि झाला तरी आटोक्यात ठेवायला वाव राहतो. आंबा, चिकू, केळं, द्राक्ष, मनुका, खजूर, सीताफळ यांतलं काहीही ड्वार्फ हॅम्स्टरला देऊ नये, चव दाखवण्यापुरतंही नको. गाजर आणि बीट या गोड कंदांनाही मी यादीतून काढलं आहे. पाकिटावर मध, मोलॅसिस, ग्लुकोज सिरप यांपैकी एक शब्द दिसला की पाकीट परत ठेवा, त्यावर हॅम्स्टरचं कितीही गोड चित्र असो.

मधुमेहाची पहिली खूण पाण्याच्या बाटलीवर उमटते. निरोगी ड्वार्फ दिवसाला तीन ते पाच मिलिलिटर पाणी पितो. बाटलीवर रोज रात्री मार्करनं रेघ मारून ठेवली तर नेहमीचं माप आठवड्याभरात कळतं. ती रेघ एकदम दुप्पट वेगानं खाली जाऊ लागली, शू करण्याचा कोपरा सतत ओला राहू लागला, खाणं नीट असून वजन उतरू लागलं, तर पशुवैद्याकडे जा. माणसांच्या मूत्रातली साखर तपासायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. ताज्या थेंबावर पट्टी टेकवली तर डॉक्टरांना सांगायला तुमच्याजवळ ठोस काहीतरी असतं. निदान मात्र त्यांना करू द्या, आणि माणसाची गोळी कुटून पाण्यात घालण्याचा विचारही मनात आणू नका.

मग द्यायचं काय? उत्तर बऱ्याच अंशी भुसाराच्या दुकानात आहे, आणि याचा मला फार आनंद वाटतो. राळे हे धान्य सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी उत्तर चीनमध्ये लागवडीत आलं, म्हणजे कॅम्पबेलच्या हॅम्स्टरच्या मुलखाला लागूनच. तेच राळे आपल्याकडे कोल्हापूर-साताऱ्याच्या घरांत भोगीला रांधलं जातं, आणि पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात ‘कांगणी’ म्हणून मिळतं. दाणा बारीक, तेल कमी, आणि बटू हॅम्स्टरच्या पंजात नेमका मावणारा. त्याला जोड वरीची, बाजरीची, थोड्या ज्वारीची. नाचणी चालते, पण दाणा फार बारीक असल्यानं बिछान्यातच हरवतो. राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर ते पिंजऱ्यात उभं खोचून ठेवा. दाणे खुडण्यात त्याची अर्धी रात्र जाते, आणि त्याला हवी असते ती नेमकी तशीच रात्र.

पण नुसतं धान्य पुरत नाही, इथे बरेच जण चुकतात. राळे, बाजरी, ज्वारी यांत प्रथिनं दहा-बारा टक्के. ड्वार्फ हॅम्स्टरच्या आहारात ती सोळा ते वीस टक्के असावीत असं साधारणपणे मानलं जातं, वाढत्या पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला त्याहून थोडी जास्त. शिवाय कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं धान्यात तोकडी पडतात. म्हणून मी शिध्याचा निम्मा भाग चांगल्या प्रतीच्या गोळी-खाद्याचा ठेवतो, म्हणजे सगळी पोषकद्रव्यं एकाच गोळीत दाबून बसवलेलं, उंदीर-हॅम्स्टरांसाठीचं खाद्य. प्रत्येक गोळी सारखीच असल्यानं त्यात निवडानिवड चालत नाही. सशासाठीची गोळी मात्र वेगळी. ती गवतावर जगणाऱ्या प्राण्यासाठी आहे, तिच्यात प्रथिनं कमी पडतात. उरलेला निम्मा भाग बारीक धान्याचा. त्यात बिनमिठाच्या फुटाण्याचे तुकडे, चिमूटभर जवस, चिमूटभर तीळ. सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया या मिश्रणात मिसळूच नका. त्या वेगळ्या डबीत ठेवा आणि हातावर बोलावताना दिवसाला एखादी द्या. ताटाच्या कडेला सारलेल्या त्या बियांचं हेच काम. त्या बक्षीस म्हणून उत्तम आहेत.

आता प्रथिनांचा नाजूक भाग. हॅम्स्टर शाकाहारी नाही. गवताळ मुलखात त्याची प्रथिनं किड्यांमधून येतात. वाळवलेले मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, ऑनलाइन आणि मोठ्या दुकानांत मिळतात. आठवड्यातून दोन-तीनदा एक-दोन अळ्या पुरेशा, कारण त्यांत चरबीही भरपूर असते. घरात अंडं चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा पांढरा भाग, मीठ न घालता. कोकणातला सुका जवळा द्यावासा वाटेल, पण तो खारवलेला असेल तर नको. हॅम्स्टरच्या मूत्रपिंडांना तेवढं मीठ झेपत नाही. आणि ज्या घरात अंडंही येत नाही त्यांच्यासाठी? ताजं, बिनमिठाचं पनीर वाटाण्याएवढं, मोड आलेले दोन-तीन मूग आणि पुरेशा प्रथिनांचं गोळी-खाद्य एवढ्यावर प्राणी नीट राहू शकतो. पण घराचा आहारधर्म त्याच्यावर लादायचा म्हणून गोळी-खाद्यही बंद करून नुसत्या धान्यावर त्याला ठेवणं मला मान्य नाही. केस विरळ होतात, आणि पिल्लं झाली तर आई ती वाढवू शकत नाही.

किती द्यायचं? दिवसाला सपाट भरलेला चहाचा एक चमचा. तोलून चार ते सहा ग्रॅम, रोबोरोव्स्कीला त्याहून कमी. महिन्याचा हिशेब दीडशे ग्रॅमच्या आसपास राहतो. म्हणून धान्य पावशेराहून जास्त आणून ठेवू नका. कारण आपला पावसाळा. नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुधा दमट साठवणीत वाढलेली बुरशी असते. शेंगदाणा आणि मका यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते यकृतावर घाव घालतं. माणसाला जे प्रमाण जाणवत नाही ते चाळीस ग्रॅमच्या प्राण्याला पुरेसं असतं. खवट वास आला, दाण्यावर करडी लव दिसली, धान्याला गाठी झाल्या, तर सगळं टाका. निवडून उरलेलं देऊ नका. आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरलं की टोके होत नाहीत.

टोक्यांवरून आणखी एक गोष्ट, आणि ही फक्त आपल्याकडच्या वाचकासाठी. वर्षाचं धान्य भरताना कित्येक घरांत त्याला बोरिक पावडर चोळतात, डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकतात, डाळींना एरंडेल लावतात. आपण ते धान्य धुऊन, शिजवून खातो. हॅम्स्टर ते कच्चं, न धुता, गालात भरून तासन् तास बाळगतो. घरच्या साठवणीच्या पिंपातलं धान्य त्याला कधीही घालू नका. त्याचं वेगळं आणा, वेगळं ठेवा.

भाजीचं थोडक्यात. आठवड्यातून दोन-तीनदा नखाएवढा तुकडा: काकडी, कोथिंबिरीची दोन पानं, मेथी, ब्रोकोलीचा तुरा, फ्लॉवरचं कोवळं पान. पालक क्वचित. पानं नीट धुऊन कोरडी करून द्या. कोरड्या मुलखातल्या या पोटाला पाण्यानं भरलेली पानं जास्त झाली की जुलाब होतात, आणि हिरवं खाणं आरोग्याचं म्हणून वाडगाभर देणाऱ्यांचे प्राणी मी याच कारणानं आजारी पडलेले पाहिले आहेत. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, कच्चा बटाटा, टोमॅटोचा पाला, कच्चा राजमा, ॲव्होकाडो, सफरचंदाच्या बिया, कडू बदाम, फरसाण, तळणीतलं काहीही, हे सगळं पूर्ण बंद. कुटुंबातल्या सगळ्यांना दिसेल असं हे फ्रिजच्या दारावर चिकटवा, खास करून पाहुणे यायच्या आधी.

आता वाटीकडे वळू. मी पहिला हॅम्स्टर पाळला तेव्हा रोज सकाळी वाटी रिकामी दिसायची. मी रोज भरायचो. तिसऱ्या आठवड्यात पिंजरा साफ करायला घेतला तर झोपायच्या घरट्याखाली सूर्यफुलाच्या बियांचा मूठभर साठा, आणि त्यात काकडीचा काळा पडलेला, बुरशी धरलेला तुकडा. बारीक धान्य पिंजराभर विखुरलेलं, न खाल्लेलं. तो माझ्या डोळ्यांदेखत लठ्ठ होत होता आणि मी त्याला भुकेलेला समजत होतो. रिकामी वाटी म्हणजे संपलेलं जेवण नव्हे, एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेलं जेवण.

तेव्हापासून मी साठा वाचायला शिकलो. दर दोन दिवसांनी घरट्याचा कोपरा हलकेच उचलून बघायचं. साठ्यात फक्त बिया असतील तर मिश्रणात बिया जास्त आहेत. धान्य वाढत चाललं असेल तर शिधा जास्त होतो आहे, चमचा थोडा कमी करा. ओलं काही दिसलं तर लगेच काढा. सफाई करताना सगळा साठा उपसून फेकू नका, कोरड्या दाण्यांतला मूठभर भाग त्याच जागी परत ठेवा. हा साठा हीच त्याची निश्चिंती आहे. ती सतत लुटली जात असेल तर तो अस्वस्थ होतो, जाळी कुरतडतो. आणि जुनं मिश्रण संपल्याशिवाय वरून नवं घालू नका, नाहीतर तो रोज नव्यातलं फक्त चविष्ट तेवढं उचलेल.

शक्य असेल तर वाटी काढूनच टाका. संध्याकाळी, तो उठायच्या वेळी, तो चमचाभर शिधा बिछान्यावर, सुक्या गवतात, पुठ्ठ्याच्या नळीत विखरून टाका. शोधणं, उकरणं, उचलणं, वाहून नेणं हे त्याचं काम आहे आणि करमणूकही. पाणी मात्र शोधायला लावू नका. बाटलीच्या नळीतली गोळी अडकते, पाणी दिसतं पण येत नाही. रोज बोट लावून थेंब उतरतो का ते बघा, उन्हाळ्यात दोनदा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो कमी खातो, आणि ते स्वाभाविक आहे. त्या दिवसांत पाणी आणि गारवा या दोन गोष्टींत हयगय नको.

विंटर व्हाइटची एक नवलाची गोष्ट सांगतो. दिवस लहान झाले की हा प्राणी थंडीसाठी चरबी साठवत नाही. उलट तो आपणहून कमी खातो, आणि त्याचं वजन जवळपास एक-तृतीयांशानं कमी होतं. अंगावरचे केस पांढरे होतात, दिवसाचे काही तास तो शरीर थंड करून मृतवत पडतो. लहान शरीराला कमी अन्न पुरतं, एवढा साधा हिशेब. याला कारण थंडीपेक्षा उजेडाचे तास. आपल्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असल्यानं हे सहसा पूर्ण घडत नाही. पण डिसेंबरात केस पांढरे होऊ लागले आणि वजन हळूहळू उतरलं, प्राणी मात्र तरतरीत असला, तर आजार समजून त्याला खाऊ-पिऊ घालत सुटू नका.

याच कारणासाठी वजनाचा तक्ता ठेवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर एक कप, कपात हॅम्स्टर, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. चाळीस ग्रॅममधले चार ग्रॅम म्हणजे दहा टक्के. हातात घेऊन हा फरक कळत नाही, काट्यावर कळतो. आठवड्यात एवढी घट झाली, किंवा चोवीस तास त्यानं काही खाल्लं नाही, शेपटीकडचा भाग ओला दिसला, एका बाजूचा गाल दिवसभर फुगलेला राहिला, तर पशुवैद्याकडे जायला थांबू नका. म्हातारपणी, दीड-दोन वर्षांच्या आसपास, दात आणि पंजे दोन्ही कमजोर होतात. तेव्हा गोळी-खाद्य कोमट पाण्यात मऊ करून ताजं द्या आणि तासाभरानं उरलेलं उचला. असले लहान प्राणी तपासणारे पशुवैद्य सगळ्या गावांत नाहीत. मुंबई-पुण्यातही ते शोधावे लागतात. प्राणी घरी आणण्याच्या आधी त्यांचा पत्ता आणि फोन शोधून ठेवा आणि फ्रिजवरच्या त्या यादीखाली लिहा.